छोट्या हॉटेलात शरदाचा मेन्यू आणि गाण्याची बैठक कशी जमवायची

हे तीस-पस्तीस खुर्च्यांच्या जागेसाठी लिहितोय, तेही सातारा, वाई, कऱ्हाड असल्या गावांतल्या. पुण्या-मुंबईच्या रूफटॉपवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी यातलं हवं तेवढं उचलावं. माझं म्हणणं एवढंच आहे की मेन्यू आचाऱ्याने ठरवायचा आणि गाण्याचं मालकाच्या मित्राने बघायचं असं झालं की दोन्हीचा बोऱ्या वाजतो. काय शिजणार, ते किती वाजता ताटात पडणार आणि त्या वेळी गायक काय गात असणार हे एकाच कागदावर आलं पाहिजे, बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं.

सगळ्यात आधी वार ठरवा. बहुतेकांना वाटतं गाणं म्हणजे शनिवार रात्र, पण जरा हिशोब मांडून बघा. समजा शनिवारी तुमची टेबलं दोनदा फिरतात, ४५ माणसं, माणशी २५० रुपये, म्हणजे ११,२५० चा गल्ला, त्यात ३५ टक्के कच्चा माल धरला तर सात हजाराच्या वर हातात राहतात. गाण्याच्या रात्री टेबल फिरतच नाही, माणूस साडेसातला बसला की दहाला उठतो. म्हणजे ३० माणसं, ३५० ची थाळी आणि १५० रुपये गाण्याचे, एकूण १५,००० आले, त्यातून थाळीचा माल साधारण ३,७०० आणि तीन कलाकारांना दीड-दीड हजार धरून ४,५०० गेले, उरले ६,८००. म्हणजे शनिवारी एवढी धावपळ करून उलट थोडं कमीच. (जीएसटी, पगार, गॅस दोन्हीकडे बाजूला ठेवलंय.) पण हेच गुरुवारी करा. आपल्याकडे नॉनव्हेजचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार, गुरुवारी अर्ध्या घरांत दत्ताचा नाहीतर साईबाबांचा उपवास, हॉटेलं ओस पडलेली असतात. पंधरा माणसं आली तर आली, अडीच हजारही सुटत नाहीत. त्या दिवशी ६,८०० म्हणजे चैन आहे. शिवाय शाकाहारी हंगामी मेन्यूला गुरुवार नाहीतरी सोयीचाच. तेव्हा गाणं गुरुवारी, आणि अपवाद फक्त कोजागिरीचा कारण ती काही आपलं वेळापत्रक विचारून येत नाही.

आता कॅलेंडर. गणपती उठले की पितृपंधरवडा लागतो आणि बाजारात भेंडी, गवार, कारली, अळू, भोपळा सगळं एकदम वर चढतं, घरोघरी श्राद्धाच्या स्वयंपाकाला त्याच भाज्या लागतात ना. शिवाय या दिवसांत लोकांना नवीन काही सुरू करायला आवडत नाही, तुम्हाला पटो न पटो, गिऱ्हाइकाला पटत नाही. म्हणून या पंधरवड्यात पोस्टर लावायचं नाही. शनिवार-रविवारी कासची फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांची गर्दी असतेच, ती नेहमीच्या मेन्यूवर सांभाळायची आणि मधल्या वारी नवीन पदार्थ करून स्टाफला खायला घालायचे, कलाकारांशी बोलून घ्यायचं. मेन्यू लागतो घटस्थापनेला आणि उतरतो वसुबारसेच्या आधी.

हे दिवस दर वर्षी सरकतात हे विसरू नका. २०२५ साली कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ ऑक्टोबरला आहे. तीन आठवड्यांचा फरक म्हणजे बाजारात सगळंच वेगळं. लवकर आली तर सीताफळ भरात असतं पण परतीचा पाऊस डोक्यावर, उशिरा आली तर आकाश मोकळं पण चांगलं सीताफळ शोधत फिरावं लागतं आणि दिवाळी तोंडावर म्हणून स्टाफचं निम्मं लक्ष गावाकडे. मागच्या वर्षीचा मेन्यू तारखा बदलून परत छापला की इथे गोची होते.

मेन्यूत किती पदार्थ? आठ, फार तर नऊ. हा तुमच्या रोजच्या कार्डाच्या जोडीला एक वेगळा कागद असणार आहे, पाच पानी पुस्तक नको.

आमच्या भागात शरदात खरोखर नवीन काय येतं ते बघा. खरिपाची बाजरी माण-खटाव-फलटणकडून, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, कोरेगावचा वाघ्या घेवडा ज्याला आता जीआय मानांकन पण आहे, लाल भोपळा, घोसाळी, दोडकी, सुरण, रताळी, पुरंदरचं सीताफळ. एवढ्यावर अख्खा मेन्यू उभा राहतो. सुरुवातीला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांची वाटी आणि घोसाळ्याची भजी. जेवणात बाजरीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. गोडाला भोपळ्याचे घारगे नाहीतर सीताफळ रबडी. उपवासवाल्यांसाठी एकच ताट धरा, त्यात भगर, दाण्याची आमटी, सुरणाचे काप, रताळ्याचा कीस. संपलं. पनीर घालायचा मोह होईल, आवरा. पनीर खायला लोक वर्षभर येतातच.

घेवड्याबद्दल एक सांगून ठेवतो. नवा घेवडा जुन्यापेक्षा लवकर शिजतो म्हणून पोरं तो दोन शिट्ट्यांत उतरवतात, तसं करू देऊ नका. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा, राजम्याच्याच जातीचं कडधान्य आहे, अर्धकच्चं राहिलं तर पोट धरून बसायची वेळ येते. आमटीला गोडा मसाला, गूळ, आमसूल, आणि कांदा-लसणाशिवाय करायची. का तर चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत चालतो, बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद, काही घरांत तर वांगं थेट चंपाषष्ठीला. आठातले चार पदार्थ बिनकांदा-लसणाचे ठेवले आणि कार्डावर तसं लिहिलं तर आजी-आजोबांसकट सगळं कुटुंब येतं. आजी बाहेर जेवायला तयार झाली की सहा जणांचं टेबल लागलं समजा.

नवरात्रात उपवासाचा भाग नीट सांभाळा. सगळेच नऊ दिवस धरत नाहीत, बरेच जण उठता-बसता करतात म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, त्या दोन दिवसांना उपवासाचा माल दुप्पट लागतो आणि मधल्या दिवसांत निम्म्यावर येतो. तळणाची कढई वेगळी, तेल वेगळं. भज्यांच्या तेलात सुरणाचे काप तळलेले एका जरी बाईने बघितले तर त्या सोसायटीतलं कोणी परत येणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. कोथिंबीर उपवासाला कोणी खातं कोणी नाही, म्हणून वरून न भुरभुरता वाटीत वेगळी द्या. मीठ साधं की सैंधव हेही विचारलं जातं, सैंधवच वापरा म्हणजे प्रश्न मिटतो. आणि भगर सुटी घेऊ नका. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत राहतात, जुनी ओलसर भगर आणि त्याचं दळून ठेवलेलं पीठ यांना बुरशी धरते. पाकीटबंद, तारीख बघून, लागेल तेवढीच आणायची, पीठ लागलं तर त्याच दिवशी दळायचं.

सीताफळाचं काम मात्र निगुतीचं आहे, ते घाईत होत नाही. सासवडच्या बाजारातून किंवा तिथून माल आणणाऱ्याकडून दोन प्रकारचा माल घ्या, कडक फळ दोन-तीन दिवसांसाठी आणि हाताला मऊ लागणारं आजच वापरायला, मऊ माल स्वस्त पडतो आणि रबडीला तोच बरा. वजनातलं निम्म्याहून जास्त साल आणि बियांत जातं, तसाच भाव काढा. गर काढायला मिक्सर अजिबात नको, बी फुटली की कडवट तर होतंच पण सीताफळाची बी विषारी असते, पोटात जाता कामा नये. मोठ्या भोकाची चाळण पातेल्यावर ठेवायची, गर त्यात टाकून पळीच्या पाठीने गोल गोल फिरवायचा, चार चमचे गार दूध घातलं की गर सरसर खाली उतरतो आणि काळ्या बिया वर स्वच्छ उरतात. रबडी आधी आटवून, फ्रिजमध्ये पूर्ण गार करून मगच गर मिसळायचा. गरम दुधात घातला तर चव उतरते, कधीकधी कडसर होतं. आणि हे सगळं त्या दिवशीच, कारण उघडा गर संध्याकाळपर्यंत तपकिरी पडायला लागतो.

गाण्याकडे वळू. कलाकार शोधायला लांब जायची गरज नाही. आसपासच्या प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसवणारे क्लासवाले आहेत, त्यांच्याकडे विशारद झालेली मुलंमुली असतात ज्यांना माणसांसमोर गायला मिळत नाही. मिरज-सांगलीकडून कोणी आलं तर उत्तमच, पण प्रवास खर्च वेगळा धरा. एक गायक किंवा गायिका, एक पेटी, एक तबला, बास. तीस माणसांच्या खोलीत पेटी आणि तबल्याला माइक लागत नाही, फक्त गळ्याला एक माइक आणि एक छोटा स्पीकर. डीजेवाल्याकडून दोन मोठे डबे आणून ठेवले की लोक शेजारच्याशी ओरडून बोलायला लागतात आणि वेटरला ऑर्डर ऐकू येत नाही.

बसायची जागा ठरवताना स्वयंपाकघराचं दार कुठे आहे ते आधी बघा. गायकाने नुकता आलाप धरलाय आणि आतून कुकरची शिट्टी, हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता हसूही येत नाही. आमटी, भात, घेवडा जे काही कुकरचं आहे ते सातच्या आत. मिक्सर बैठक चालू असताना बंद, सगळी वाटणं दुपारी. भांडी घासायची जागा दाराआड, कारण स्टीलचं ताट सिंकमध्ये पडलं की तो आवाज थेट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येतो, कसा कोण जाणे पण येतोच. बाजरीच्या भाकऱ्या मात्र गरमच हव्यात, त्यामुळे भाकरीवाल्या मावशींना गाण्याच्या मध्यंतरात जोर लावायला सांगायचं, थापल्याचा आवाज कोणाला खुपत नाही, उलट बरा वाटतो.

तबलजीला एक तास आधी बोलवा. ऑक्टोबरात दुपारी ऊन कडक, संध्याकाळी ढग आले की हवा ओली, त्यात वर पंखा नाहीतर एसी, यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरात सारखी चढते-उतरते. घरून लावून आणलेला तबला तुमच्या हॉलमध्ये तसाच राहील याची खात्री नाही. ज्या जागी वाजवायचंय तिथेच, पंखा ज्या स्पीडवर राहणार आहे त्याच स्पीडवर, हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तो सुरात आणू द्या, आणि मग पंखा कमी-जास्त करू नका, गिऱ्हाइकाने सांगितलं तरी. गायक पुरुष असेल तर पट्टी (गायकाचा ‘सा’ पेटीच्या ज्या पट्टीवर असतो ती) साधारण काळी एक-दोन, बाई असेल तर काळी चार-पाच, तेव्हा एकाच रात्री दोघं गाणार असतील तर तबले दोन लागतात, हे फोनवरच विचारून घ्या. नाहीतर मधेच वीस मिनिटं ठोकाठोक चालते आणि लोक मोबाइल काढतात.

आता त्या एका कागदावर वेळ मांडू. साडेसातला लोक बसतात, शेंगा आणि भजी लगेच टेबलावर, ऑर्डरचा प्रश्नच नाही कारण थाळी ठरलेली आहे. पावणेआठला गाणं, पहिला भाग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा, यमन नाहीतर भूपाने सुरुवात, मग अभंग, भावगीतं. या वेळात वेटरने फक्त पाणी आणि भजी फिरवायची. साडेआठला थांबायचं आणि जेवण वाढायचं, भाकरी तव्यावरून. सव्वानऊपर्यंत जेवणं होतात. मग दुसरा भाग, त्यात लोकांना माहीत असलेली गाणी जास्त, कारण पोट भरल्यावर कोणी नवीन ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. गोड याच वेळी द्यायचं, चमचा-वाटीचा आवाज कमी होतो. आपल्याकडे शेवटी भैरवी हे सगळ्यांना ठाऊक, भैरवी संपली की माणसं चपला शोधायला लागतात, म्हणून बिलं भैरवीच्या एक गाणं आधी टेबलावर ठेवा. नंतर ठेवलीत तर तीस माणसं काउंटरवर एकदम येतात आणि यूपीआयचं नेट नेमकं तेव्हाच जातं.

परवानग्यांचं कंटाळवाणं आहे पण टाळू नका. लाउडस्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी लागते, छोटा स्पीकर असला तरी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, आणि लोकांना हे माहीत नसतं की उघड्यावर वाद्यंसुद्धा बंद, म्हणजे दहानंतर गच्चीवर ‘नुसती पेटी’ हा पळवाटेचा मार्ग नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, त्यात नवरात्रातले दिवस असू शकतात, जिल्हाधिकारी कार्यालयाची त्या वर्षीची यादी बघून घ्या, कोजागिरी त्यात आहेच असं धरून चालू नका. बाजूच्या दोन-चार घरी आधी जाऊन सांगून या, जाताना घारगे घेऊन जा. तक्रार नेहमी ज्याला बोलावलं नाही त्याच्याकडूनच येते.

दुसरं म्हणजे गाण्यांचे हक्क. लाइव्ह गाताना गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा प्रश्न येतो, तो आयपीआरएस ही त्यांची संस्था बघते, आणि मध्यंतरात मोबाइलवरून रेकॉर्डेड गाणी लावलीत तर रेकॉर्डिंगच्या हक्काचा वेगळा प्रश्न, तिथे पीपीएलसारख्या संस्था येतात. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला विसाव्या शतकात कोणी लावलेली चाल त्या संगीतकाराची असू शकते, कवी-संगीतकार जाऊन ६० वर्षं होईपर्यंत हक्क राहतो. माझं साधं धोरण सांगतो, मध्यंतरात रेकॉर्डेड काही लावायचंच नाही, लोकांना आपापसात बोलू द्या, आणि गाण्यांची यादी कलाकाराकडून आधी मागून घ्यायची. पारंपरिक चालीचे अभंग, बंदिशी, १९व्या शतकातली नाट्यपदं यात अर्धी रात्र आरामात निघते, बाकीच्यासाठी लायसन्स काढा.

नवरात्रात एक संध्याकाळ भोंडल्याला द्या, याला कलाकारांचा खर्चच नाही. पाटावर हत्ती काढायचा, टेबलं भिंतीला सरकवायची, बायका-मुली फेर धरतात, गाणी पारंपरिक, सगळ्यांना पाठ नसली तर दोन मोठ्या बायकांना पुढे उभं करायचं. आणि खिरापत तुमच्या मेन्यूतूनच! डबा वाजवून ओळखायला लावायची. इथे सोपा पदार्थ ठेवू नका, घारगे पहिल्या फेरीत ओळखतात. भाजलेल्या सुरणाचे तुकडे गुळाच्या पाकात घोळवून ठेवले होते तर अर्धा तास रताळं, बटाटा, पेठा सगळं येऊन गेलं पण सुरण काही निघेना. ओळखणारीला रबडीची वाटी. वेळ दुपारी चार ते सहा, म्हणजे रात्रीचा धंदा मोकळा राहतो.

कोजागिरी हा हंगामातला मोठा दिवस. तीस जणांना दीडशे मिलीचा ग्लास, काही जण दुसरा मागणार, म्हणून चाळीस ग्लास धरा, सहा लिटर तयार दूध. त्यासाठी साडेसात लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवत आणायचं, यापेक्षा जास्त आटवलं तर ती बासुंदी होते आणि अर्ध्या ग्लासात माणूस थांबतो. साखर पाचशे ते सहाशे ग्रॅम. मसाल्याला बदाम दोनशे ग्रॅम, काजू-पिस्ते शंभर-शंभर, पंधरा-वीस वेलदोडे, अर्धं जायफळ, केशराच्या काड्या, वरून चारोळी. बदाम-पिस्ते थोडे-थोडे, थांबत-थांबत दळायचे, एकदम फिरवले की तेल सुटून गोळा होतो. जायफळ अगदी शेवटी. दूध कोमट ठेवून तासन्‌तास बसायचं नाही, मंद आचेवर वाफ निघत राहील एवढं गरम ठेवा आणि ढवळायला एक पोरगा कायमचा तिथेच उभा करा.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, नऊपर्यंत चांगला वर येतो, त्यामुळे दुधासाठी बारा वाजायची वाट बघायची गरज नाही. त्या दिवशी कागद थोडा बदला: सातला सुरुवात, जेवण लवकर, सव्वानऊला दूध गच्चीवर किंवा अंगणात, पावणेदहाला भैरवी, दहाला स्पीकरची वायर काढलेली. त्यानंतर लोकांना चांदण्यात गप्पा मारत बसायचं तर बसू द्या. पाऊस आला तर? हस्त-चित्राचा पाऊस विजा घेऊन येतो आणि सातच्या सुमारासच येतो. आतल्या हॉलमध्ये तीस माणसं मावतील एवढंच बुकिंग घ्या, गच्चीच्या हिशोबाने साठ घेऊ नका. उघड्यावर वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचे नाहीत, स्टुलावर ठेवा. लाइट गेले तर इन्व्हर्टरवर माइक आणि दोन ट्यूब चालतात की नाही ते आदल्या दिवशी खरंच बंद करून बघा.

बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर, पण मेसेज लांबलचक नको. असा काहीतरी: ‘गुरुवारी संध्याकाळी ७.३०, अभंग आणि भावगीतं. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, सीताफळ रबडी. थाळी ३५०, गाण्याचे १५०. कांदा-लसणाशिवाय मिळेल. उपवासाचं हवं असेल तर आधी सांगा. ३० जागा, निम्मे पैसे आगाऊ.’ गाण्याचे पैसे वेगळे लिहायचेच, बिलात गुपचूप घातले की वाद होतो. आगाऊ पैसे घेतले नाहीत तर दहा जण ‘येतो येतो’ म्हणून येत नाहीत आणि रबडी उरते.

कलाकारांचं मानधन त्याच रात्री, ते पेटी बंद करतायत तेवढ्यात. ‘आमच्याकडे गा, तुमची ओळख होईल’ हे बोलायचं नाही, तुम्ही भाजीवाल्याला असं सांगता का? गायक गाण्याआधी जेवत नाहीत, त्यांना कोमट पाणी आणि दही-ताक-तळलेलं सोडून काहीतरी हलकं विचारा. त्यांची ताटं साडेआठला वाढणीच्या वेळीच बाजूला काढून, भाकरीचं पीठ वेगळं झाकून ठेवा, कारण दहा वाजता स्वयंपाकघरात हमखास नुसता भात उरलेला असतो.

दिवाळीत पोरं गावी जातात, भाज्यांपेक्षा फराळाची चर्चा जास्त, आणि सीताफळही आटोपत आलेलं. वसुबारसेच्या दोन दिवस आधी कार्ड काढून घ्या, उरलेला दुधाचा मसाला डब्यात घट्ट बंद करून फ्रिजमध्ये टाका, आणि ज्यांनी आगाऊ भरून यायचं राहून गेलं त्यांचे पैसे दिवाळीआधी परत करा.